ड्रम बंद होता

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, “पक्ष्यांचं खाद्य बनवणारा माणूस आमच्या अंकात अजून आला नाही. गमतीजमती लिहा, लोकांना आवडतील.” गमतीजमती आहेत माझ्याकडे. पण लिहायला बसलो की आधी राग येतो, आणि तो बाजूला ठेवून लिहिणं मला जमत नाही. तेव्हा जसं येतं तसं लिहितो.

मी तिरोडा तालुक्यातल्या एका कारखान्यात बारा वर्षं पाळीव पक्ष्यांची गोळी बनवली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्याआधी राईस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या टाक्या आणि बॉयलर सांभाळत होतो. वाफ, उष्णता, ओल आणि दाणा, एवढंच माझं शिक्षण. शेठचा आधी पोह्यांचा धंदा होता. पोह्यांत काही राहिलं नाही, तेव्हा त्यांनी पोंगे, म्हणजे मक्याचे फुगवलेले कुरकुरे, बनवायचं एक मोठं मशीन आणलं. पोंगेही चालले नाहीत. मग कोणी तरी सांगितलं की शहरातले लोक आता घरोघरी पिंजरे टांगून राहिले आहेत आणि त्या पाखरांचं खाद्य बाहेरून येतं. शेठनी मला मिलमधून बोलावून घेतलं. म्हणाले, “पटलेजी, तुम को गरमी समझती है. बाकी सब हो जाएगा.”

घरी बायकोला सांगितलं की आता कॉकटेलचं खाणं बनवणार, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला वाटलं दारूचा कारखाना. कॉकटेल म्हणजे डोक्यावर तुरा असलेला, गालावर नारिंगी टिकली असलेला पक्षी, हे मलाही तेव्हा नुकतंच कळलं होतं. आणि आपल्याकडे ज्याला सगळे लव्हबर्ड म्हणतात, तो हिरवा-निळा चिमणीएवढा पोपट खरा लव्हबर्ड नाहीच, त्याचं नाव बजरी. हे मी बारा वर्षांत शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. एकानेही ऐकलं नाही.

आता मशीन. चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. तो आडवा करा, माणसाएवढा लांब करा, आत दट्ट्याऐवजी फिरता स्क्रू बसवा आणि बाहेरून गरम करा. एका तोंडातून मक्याचं पीठ, कनकी म्हणजे तांदळाची कणी, सोयाबीन, तांदळाचा कोंडा असं मिश्रण जातं. आत ते दाबलं जातं, शिजतं, आणि दुसऱ्या टोकाच्या जाळीतून बाहेर पडताच फुगतं. समोर फिरणारी सुरी त्याचे तुकडे करते. तीच गोळी. मग ती वाळवायची आणि गार करायची.

उष्णता वाईट नसते. हे मी राईस मिलमध्येच शिकलो. धान उकडून मग कांडलं, तर वरच्या थरातली सत्त्वं दाण्याच्या आत शिरतात आणि पॉलिश केल्यावरही बरीचशी उरतात. मक्याचं पीठ शिजलं की पाखराला पचतं, कच्च्या सोयाबीनमधला बाधणारा गुण जातो, जंतू मरतात. पण काही जीवनसत्त्वं अशी आहेत की ती त्या नळीतून जिवंत बाहेर येत नाहीत, किंवा अर्धमेली येतात. म्हणून ती गोळी शिजल्यावर, वाळल्यावर, गार झाल्यावर द्यायची असतात. त्यासाठी आमच्याकडे एक ड्रम होता. सिमेंट कालवायच्या मशीनसारखा हळूहळू फिरणारा. त्यात गार गोळी टाकायची आणि वरून तेलात कालवलेली जीवनसत्त्वं फवारायची. गोळी ते तेल पिऊन घ्यायची.

हे सगळं आम्हाला नागपूरचे एक डॉक्टर शिकवून गेले. जनावरांच्या आहाराचे जाणकार, म्हातारे, सडपातळ गृहस्थ. शेठनी त्यांना पहिल्या दोन वर्षांत चार-पाच वेळा बोलावलं. जाताना त्यांनी मला मशीनजवळ उभं करून दोन गोष्टी सांगितल्या. “पटले, जीवनसत्त्व गरमीच्या नंतर. आणि कोंडा मिलमधून निघाला की त्याच दिवशी मशीनमध्ये.” कोंड्यात तेल असतं. कच्चा कोंडा दोन दिवस पडला की ते तेल खवट व्हायला लागतं, आणि खवट तेल शेजारच्या जीवनसत्त्वांनाही खाऊन टाकतं. आमच्या जिल्ह्यात कोंड्याला तोटा नाही. दर दोन-चार मैलांवर मिल आहे. ताजा कोंडा आणायला फक्त इच्छा लागते.

पहिली काही वर्षं आम्ही चांगली गोळी बनवली. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मूठभर गोळी नाकाशी धरली की भाजलेल्या मक्याचा वास यायचा.

त्याच काळात शेठनी दुसरा माल काढला. राळा, बाजरी, असे टरफलासकटचे दाणे, त्यांच्यावर पिवळी जीवनसत्त्वं फवारून. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘व्हिटॅमिनयुक्त’. तो हातोहात जायला लागला. मग एके दिवशी फाटकाशी एक बाई स्कूटी लावून आत आल्या. साठीच्या, फिकट निळी सुती साडी, चाल अशी की वॉर्डात राऊंडला निघाल्या आहेत.

“या दान्याचा साहेब कोन हाये?”

म्हटलं, “साहेब गोंदियाला गेले. मी मशीनवाला, पटले.”

“मंग तुमीच पाहा.” त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उलटी केली. नुसती टरफलं होती, पिवळी-पिवळी. “हे माझ्या पाखरायनं टाकलेलं. पाखरू दाना सोलून खाते, ठाऊक हाये का तुमाले? व्हिटॅमिन तुमी वरून शिपडलं. ते बसलं टरफलावर. टरफल पडलं खाली. सकाळी मी झाडू मारला. आता सांगा, व्हिटॅमिन कोनी खाल्लं? माझ्या झाडूनं?”

मी पोट धरून हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्या कापगते सिस्टर. बोदलकसा, सालेकसा अशा भागांत सरकारी नर्स म्हणून उभी हयात काढून तिरोड्यात स्थायिक झालेल्या. यजमान गेलेले, मुलगी रायपूरला. मांजरांच्या आणि माकडांच्या भीतीने घराची आतली एक खोली त्यांनी पाखरांना दिली होती. अकरा कॉकटेल. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं वजन आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर, आणि ते वहीत.

मी त्यांना आत नेलं. मशीन दाखवलं, ड्रम दाखवला, आणि छाती फुगवून म्हणालो, “सिस्टर, दाना सोडा. गोळी द्या. गोळीले टरफल नसते, पाखरू सगळीच्या सगळी खाते. अन् ही मी सोता बनवतो.”

दाण्याला सोकावलेलं पाखरू गोळीकडे ढुंकून पाहत नाही. पण सिस्टरनी दीड महिना रोज थोडा दाणा कमी, थोडी गोळी जास्त, असं करत अकराही पाखरं वळवली. मग एक दिवस त्यांचा फोन आला. “पटलेभाऊ, गोळी लागली पाखरायले. पिसं पाहाल तर कशी चमकून राहिली.” पगारवाढीनेही मला तेवढं बरं वाटलं नसतं. त्या दर महिन्याला यायच्या, दुकानातून न घेता फाटकावरूनच पाकीट न्यायच्या, म्हणायच्या, “तुमच्या हातचं द्या.”

आता राग येतो ती गोष्ट.

ड्रमची मोटर जळाली. साधी गोष्ट होती. गोंदियाला मोटरची जळालेली तार नव्याने भरून देणारे आहेत, तीन-चार दिवसांचं काम. शेठ म्हणाले, “देखेंगे.” मी विचारलं, तोवर जीवनसत्त्वं कुठे टाकू? ते म्हणाले, “मिक्सर में डाल दो ना. जाना तो पेट में ही है.”

“शेठ, गरमीत मरते ते.”

“सब थोड़ी मरेगा, पटलेजी.”

मी मिक्सरमध्ये, म्हणजे शिजण्याआधीच्या पिठातच, टाकलं. माझ्याच हातांनी. आठवडा गेला, महिना गेला. तेल आणायचं बंद झालं, कारण ड्रमच नाही तर तेल कशाला? मग दुकानदारांची मागणी आली की पाकीट भरलेलं दिसत नाही. गोळी जास्त फुगवायची तर उष्णता वाढवावी लागते. उष्णतेचा काटा मी स्वतः फिरवला. गोळी टम्म फुगली, हलकी झाली. वजन पाकिटावर लिहिलेलं तेवढंच, पण पाकीट गुबगुबीत. मग रंग आले, लाल, हिरवा, पिवळा. पाखराला त्या रंगाशी काही घेणंदेणं नसतं. तो रंग पाकीट विकत घेणाऱ्या माणसासाठी असतो. एका दुकानदाराने तर आख्खं खोकं परत पाठवलं, का तर लाल गोळ्या कमी पडल्या.

कोंडा आठवड्याचा एकदम यायला लागला. पोती टिनाच्या छपराखाली. आमच्याकडे एप्रिलमध्ये टिनाखाली काय होतं ते मी सांगायला नको. पोतं उघडलं की जुन्या तेलाचा वास भसकन नाकात. शेठना सांगितलं. चार दिवसांनी स्ट्रॉबेरीच्या वासाची बाटली आली. ती टाकली की खवट वास लपायचा. डॉक्टरांना बोलवा म्हटलं, तर “अब उनका क्या काम?” पाकिटावरचा जीवनसत्त्वांचा तक्ता मात्र होता तसाच होता. डॉक्टरांनी बनवून दिलेला, ड्रमच्या काळातला.

तुम्ही विचाराल, तू काय करत होतास? मी एकदा बोललो आणि गप्प बसलो. माझी बायको पोटाच्या दुखण्याने तळमळत होती तेव्हा शेठ स्वतः गाडी चालवत तिला नागपूरला घेऊन गेले होते. ऑपरेशन होईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून होते. शेठ राक्षस नव्हते. राक्षस असते तर सोपं झालं असतं. गोड बोलणारा, अडल्याला मदत करणारा माणूस, आणि पाखरू त्यांच्या हिशेबी जिवंत वस्तूच नव्हती. त्या उपकाराखाली मी तोंड बंद केलं आणि स्वतःला सांगितलं की आपलं काम मशीन चालवायचं.

फेब्रुवारी संपता संपता सिस्टर आल्या. हातात चपलेचं खोकं. टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत फडक्यावर कॉकटेलचं पिल्लू. अंगावर पिसं फुटलेली, पण पाय दोन बाजूंना फाकलेले, बेडकासारखे. उभं राहायला जात होतं आणि छातीवर आपटत होतं.

“हे तिसरं,” त्या म्हणाल्या. “माद्या पातळ कवचाची अंडी देऊन राहिल्या. एक मादी त अंडं अडकून मेली. पटलेभाऊ, मी गावोगावी लेकरं पाह्यली अशी, वाकड्या पायाची. हे मुडदूस होय. पाखराले मुडदूस कायले होईल? गोळी तर बराबर खाते.”

शेठ केबिनमधून बाहेर आले होते. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे नाही. “गोळी तीच हाये ना? तुमच्या हातची?”

शेठही माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, “तीच हाये, सिस्टर.”

हे तीन शब्द मी आयुष्यात कधी विसरणार नाही. 

शेठ लगेच म्हणाले, “बहनजी, पंछी कमरे में रखते हो क्या? धूप नहीं मिलती होगी.” हे अर्धं खरं होतं, म्हणूनच ते जास्त वाईट होतं. उन्हाने पाखराच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं हे खरंच आहे. पण ज्याच्या खाण्यात ते आहे त्याला खोलीतही काही होत नाही; सिस्टरची पाखरं दोन-तीन वर्षं त्याच खोलीत ठणठणीत होती. मला हे माहीत होतं. मी मान डोलावली. एवढंच नाही, वरून सल्लाही दिला. “सकाळी अंगनात ठेवत जा पिंजरे, सिस्टर. कोवळ्या उन्हात.”

सिस्टरचा चेहरा पडला. “म्हंजे चूक माझीच,” असं स्वतःशी म्हणत त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. ती बाई कोणाचंही चुकलं तर तोंडावर सांगणारी. स्वतःची चूकही तिने तशीच, लगेच, मान्य केली.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज सपाट होता. या महिन्यात पाकीट ठेवू नका, म्हणाल्या, लागणार नाही.

काय झालं ते त्यांनी सांगितलं. रोज सकाळी साडेसहाला त्या पिंजरे अंगणात ठेवायच्या आणि आठच्या आत उचलायच्या. एक दिवस सात वाजता शेजारची सून कळा येऊन ओरडायला लागली. दिवस भरले नव्हते, पाणी फुटलं होतं, घरात म्हातारी सासू एकटी. सिस्टर धावल्या. ऑटोत घालून निघाल्या, वाटेत पोराचा पाय आधी दिसायला लागला, तसंच गोंदियाला नेलं. दुपारी बाळ-बाळंतीण सुखरूप झाल्यावर त्यांना पिंजरे आठवले. घरी पोचल्या तेव्हा तीन वाजले होते. तिरोड्यातलं मे महिन्याचं ऊन, सिमेंटचं अंगण. सात पाखरं पिंजऱ्याच्या तळाशी चोच उघडी टाकून पडलेली. तीन धुगधुगत होती.

“तुमी सांगतलं होतं कोवळं ऊन,” त्या म्हणाल्या. “तुमचा दोष नाई. माझाच हाये. तुमाले उगाच वाईट वाटू नये म्हनून फोन केला.”

मला वाईट वाटू नये म्हणून.

इथे मी लगेच धावत गेलो असं लिहिता आलं असतं. मी गेलो नाही. सव्वा महिना गेलो नाही. रोज कामावर जात होतो, काटा फिरवत होतो, स्ट्रॉबेरी ओतत होतो. मग एक दिवस शेठकडे रायपूरचा व्यापारी आला. कोणी गिऱ्हाइकाने पाखरं आजारी पडल्याची तक्रार केली होती, असं तो सांगत होता. सिस्टरच्या पाखरांची बातमी तोवर गावभर झाली होती. शेठ हसत म्हणाले, “अरे, हमारे यहाँ एक नर्सबाई है. खुद धूप में सात-आठ मार दिए, और पूछती थी दाने में क्या है!” दोघंही हसले. चहा पीत होते.

 मी मशीन बंद केलं. भर पाळीत, नळीत माल असताना. तसं केलं की आतलं पीठ दगड होऊन बसतं आणि ते काढायला अख्खा दिवस जातो, हे मला माहीत होतं. मोपेड काढली आणि थेट सिस्टरच्या घरी गेलो.

त्यांनी पाणी दिलं. मी उभ्यानेच सांगितलं. ड्रम बंद आहे. तुम्ही खोकं घेऊन आलात त्याच्या कितीतरी आधीपासून बंद होता. गोळी ती नव्हती. मी खोटं बोललो.

त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला. मग आत जाऊन वही घेऊन आल्या, चष्मा लावला, आणि पेशंटची माहिती घ्यावी तसं विचारायला लागल्या. मोटर कधी जळाली? जीवनसत्त्व आता कधी टाकता? काटा आधी किती होता, आता किती? कोंडा किती दिवसांचा? मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. शेवटी वही माझ्यापुढे सरकवली.

“सही करा.”

मी सही केली.

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. “सव्वा महिना मी सोताले खुनी समजून राहिली, पटलेभाऊ. जेवन जात नव्हतं. शेजारची ते लेकरू घेऊन माझ्या मांडीवर ठेवाले आली, त मी त्याले हात नाई लावला. मले वाटे, याच्यापायी माझी पाखरं गेली, अन् मंग वाटे, किती नीच हाव मी. अन् तुमाले सगळं ठाऊक होतं. काऊन नाई सांगतलं?”

 शेठच्या गाडीचं सांगणार होतो, ते तिथे इतकं फालतू वाटलं की तोंडातून निघालं नाही.

“जा आता,” त्या म्हणाल्या. “बसा म्हननार नाई मी तुमाले.”

दुसऱ्या दिवशी शेठसमोर गेलो. ते नळीतल्या दगडाबद्दल ओरडायला लागले. मी म्हटलं, ड्रम दुरुस्त झाल्याशिवाय आणि ताजा कोंडा आल्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही. त्यांनी आधी समजावलं. मग बायकोच्या ऑपरेशनची आठवण करून दिली. ती त्यांनी द्यायला नको होती. मी म्हणालो, “शेठ, त्याचे उपकार मरेपर्यंत मानीन. पण ते तुम्ही माझ्यावर केले, पाखरांवर नाही. ते फेडायला मी पाखरं का देऊ?”

“चिड़िया के पीछे नौकरी छोड़ोगे, पटलेजी?”

“हो,” म्हटलं, आणि टोपी खुंटीला अडकवून निघालो.

सिस्टरनी पाकिटातला नमुना प्रयोगशाळेत पाठवला. पाकिटावर छापलेलं आणि आत सापडलेलं यांचा काही मेळ नव्हता. तो कागद आणि माझ्या सहीची वही घेऊन त्या कचेऱ्या फिरल्या. बहुतेक ठिकाणी मी मागे उभा असायचो. त्या मला बरोबर नेत, पण वाटेत एक शब्द बोलत नसत. एका कचेरीत म्हणाले, आम्ही माणसाचं अन्न बघतो. दुसरीत म्हणाले, आमच्याकडे गाय, म्हैस, कोंबडी. हौसेचा पक्षी आमच्यात बसत नाही. तिसरीत पाकीट काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, वजन तर बरोबर आहे, बाई, तक्रार कशाची? सिस्टर म्हणाल्या, “लेकरू वजन काट्यावर बराबर भरलं म्हंजे त्याचे पाय सरळ असतात का, साहेब?” साहेबाने पुढच्या माणसाला बोलावलं.

मला आजही कळत नाही की या देशात कोणती चीज कोणाच्या टेबलावर येते. जो जीव पिंजऱ्यात आहे, ज्याला आपण टाकू तेवढंच खायला मिळतं, बाहेर जाऊन किडा-पाला शोधता येत नाही, त्याच्या वाटीत काय पडतं हे पाहणारा एकही माणूस खुर्चीत बसलेला नाही. रानातलं पाखरू वाईट दाणा सोडून उडून जातं. पिंजऱ्यातलं तोच खातं आणि आपल्याला वाटतं, किती आवडीने खाऊन राहिलं.

मग सिस्टर दुकानांत गेल्या. तिरोडा, गोंदिया, आमगाव. प्रत्येक दुकानदाराला कागद दाखवला. काहींनी माल उचलणं थांबवलं, कारखान्याची विक्री पडली. तेव्हा शेठनी काय केलं असेल? मोटर भरून आणली असेल, असं तुम्हाला वाटेल. त्यांनी पाकिटाचं नाव बदललं. नवं चित्र, नवे रंग, आत तीच गोळी. माझ्या जागी दुसरा माणूस काटा फिरवतो. त्याला तो तसाच शिकवला गेला आहे.

सिस्टरची वाचलेली तीन पाखरं आहेत. मी त्यांच्यासाठी नागपूरच्या डॉक्टरांना गाठून घरच्या घरी करायचा आहार लिहून आणला, मोड आलेलं धान्य, उकडलेलं अंडं, शेवग्याचा पाला, असं. कागद दारातून दिला. त्यांनी वाचला, “ठीक हाये,” म्हणाल्या. आजवर त्यांनी मला बसा म्हटलेलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. शेजारचं पोर मात्र आता रांगत रांगत त्यांच्या ओसरीवर येतं, आणि त्या त्याला कडेवर घेऊन पाखरं दाखवतात, हे मी रस्त्यावरून जाताना पाहिलं आहे.

आता मी घरचं धान पाहतो. मागच्या महिन्यात फवारणीचा पंप घ्यायला गोंदियाला गेलो होतो. शेजारच्या दुकानात एक तरुण मुलगी नवं पाकीट हातात घेऊन मागचा तक्ता वाचत होती. मला राहवलं नाही. आत शिरलो आणि म्हटलं, “बेटा, इस पे जो लिखा है, वो अंदर नहीं है.”

दुकानदार तडकला. “ए चाचा! धंदे के टाइम पे! तुम को क्या मालूम अंदर क्या है?”

तोंडात दोन उत्तरं आली. एक कागदाचं, प्रयोगशाळेचं. ते गिळलं.

“मालूम है,” मी म्हणालो. “मैं ही बनाता था. झूठ भी मैं ही बोला.”

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती वळून पाहायला लागली.  मुलीने पाकीट काउंटरवर ठेवलं, माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि पर्समधून पेन काढलं.

“तो फिर क्या खिलाऊँ? बताइए.”

तिथेच, दुकानाच्या पायरीवर उभा राहून, मी तिला सांगायला सुरुवात केली.